त्रेचाळिसावी सही

शुक्रवारी सकाळी सव्वासातला कृषी विद्यापीठाच्या चौदा नंबरच्या खोलीत कागदावर बेचाळीस विद्यार्थी बसलेले असत आणि खुर्चीवर देल्मीराबाई. एकट्या. त्याही विद्यार्थिनी नव्हत्या, फरशी पुसायला आलेल्या असत.

सव्वीस वर्षं त्या इथे साफसफाईला होत्या. मिनास प्रांताच्या डोंगरातलं आमचं गाव विद्यापीठावरच जगतं. अर्धं गाव मुलांना खोल्या देतं, उरलेलं अर्धं त्यांना जेवू घालतं. पण मुलांची खरी ओळख असे ती देल्मीराबाईंना. कोण बाकाखाली च्युइंगम चिकटवतो, परीक्षेच्या आधी कोण संडासात जाऊन रडतं, कोणाचं कोणाशी जुळलं आणि कोणाचं फाटलं, हे त्यांना झाडूच्या टोकावरून कळे. मुलं त्यांना मावशी म्हणत आणि त्याही मावशीच्या हक्काने ओरडत. "पाय पूस रे! आईने पुसलेल्या फरशीवरून असाच जातोस का घरी?" असं म्हटलं की धिप्पाड पोरं दारात उभी राहून निमूट बूट झटकत.

सातचा हा तास मातीचा. वेळापत्रकात त्याला मृदाशास्त्र म्हटलेलं होतं, पण शेवटी मातीच. शिकवायचे आरिस्तेऊ सर. बाहत्तरीचे, काटकुळे, बारा महिने अंगात तोच तपकिरी स्वेटर. सर वर्गाकडे बघून शिकवत नसत. खिडकीकडे तोंड करून, डोळे अर्धे मिटून, बाहेरच्या आंब्याला काहीतरी समजावून सांगावं तसे बोलत. त्यांच्या नोट्स अठरा वर्षांपूर्वीच्या. गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात त्यांची जाडजूड फाईल कायमची ठेवलेली होती. ज्याला हवं त्याने जावं, 'आरिस्तेऊंची माती द्या' म्हणावं, प्रती काढून घ्याव्यात आणि पास व्हावं. मग सकाळी सातला अंथरुणातून उठायचं कशासाठी, असा मुलांचा प्रश्न होता, आणि खरं सांगायचं तर त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

उत्तर नव्हतं, पण नियम होता. पंचाहत्तर टक्के हजेरी भरली नाही तर पेपर कितीही चांगला जावो, नापास. ही हजेरी म्हणजे एक कागद. तासाच्या सुरुवातीला सर तो पहिल्या बाकावर ठेवत, मग तो हातोहात फिरे आणि ज्याने त्याने आपापल्या नावापुढे सही करायची. आता कागद फिरणार म्हटल्यावर रीतही पडणारच. आलेल्याने न आलेल्यांच्या सह्या करायच्या, ही रीत आमच्याकडे इतकी जुनी की तिच्यात कोणाला लबाडी दिसतच नसे. दारी आलेल्याला कॉफी विचारावी तितकी साधी गोष्ट. मित्राची सही करायला जो का-कू करील त्याच्या वाढदिवसाला कोणी जात नसे.

त्या वर्षी तालिताची सही उबिरातान करायचा. उबिरातानची आणखी कोणी, त्या आणखी कोणाची तिसरंच कोणी. असे सगळे धागे जाऊन पोचत होते ग्लेडसन नावाच्या एका भाबड्या मुलापाशी, आणि एप्रिलमध्ये ग्लेडसनला गालगुंड झालं.

गळ्याभोवती मफलर गुंडाळून, गाल हातात धरून तो देल्मीराबाईंना जिन्यात भेटला.

"मावशी, आजचा दिवस. तुम्ही नाहीतरी ती खोली पुसायला जाताच. चौदाच सह्या आहेत."

"अरे, मला काय जमतंय! मी चौथी शिकलेली बाई."

"सही म्हणजे लिहिणं नव्हे, मावशी. नक्षी असते ती. तुम्ही ते टेबलावरचे रुमाल विणता ना, तसंच."

हे मात्र देल्मीराबाईंना पटलं. क्रोशाच्या विणकामात गावात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एकदा नमुना डोळ्यांखालून गेला की घरी येऊन तो तंतोतंत उतरवत. मागच्या आठवड्याचा कागद त्यांनी उजेडात धरून पाहिला. तालिताच्या सहीत शेवटी एक बदाम होता. उबिरातानची सही काटेरी तारेचं कुंपण. एक मुलगी डावखुरी होती, तर तिची सही बाईंनी डाव्या हाताने केली. खोट्यातही काही खरेपणा असावा, असं त्यांना वाटे.

गालगुंड आठ दिवसांत उतरलं. ग्लेडसन काही वर्गात परतला नाही. दर शुक्रवारी सात-आठ नावं वाढत गेली. "मावशी, अमक्याचीही करा, तो चांगला मुलगा आहे." मे महिना उजाडेपर्यंत बेचाळीसच्या बेचाळीस सह्या देल्मीराबाईंच्या हातच्या झाल्या होत्या. गंमत अशी, की हे एकाही मुलाला ठाऊक नव्हतं. प्रत्येकाला वाटे, आपण तेवढे झोपलोय, बाकीचे सगळे वर्गात आहेत. ग्लेडसनलासुद्धा वाटे, आपण सांगितलेली नावंच काय ती मावशींकडे, उरलेले लोक जातच असतील की.

आता बेचाळीस जणांची जबाबदारी अंगावर आल्यावर देल्मीराबाईंनी ती नीट सांभाळायला घेतली. अख्खं सत्र कोणीच आजारी पडत नाही असं कधी होतं का? मग त्या पाळीपाळीने एकदोघांना गैरहजर ठेवत. कोणाला सर्दी, कोणाच्या आजीचं डोळ्याचं ऑपरेशन. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली मात्र कोणाला जाऊ देत नसत. एकदा उबिरातान तक्रार घेऊन आला.

"मावशी, ग्लेडसन म्हणाला, मला दोनदा गैरहजर लावलंय."

"तू आला नव्हतास."

"पण मी कुठे कधी येतो, मावशी!"

"ते असू दे. मंगळवारी जिन्यावरून चिखलाचे बूट घेऊन कोण गेलं होतं?"

उबिरातानने मान खाली घातली. त्या शुक्रवारपासून तो नियमित हजर राहू लागला, म्हणजे बूट पुसू लागला.

कागद तासाच्या शेवटीच परत द्यायचा असे, म्हणून बाईंना तासभर बसणं भाग होतं. पहिले दोन शुक्रवार त्या मनातल्या मनात घरच्या कपड्यांचा हिशेब करत बसल्या. तिसऱ्या शुक्रवारी सर आंब्याला म्हणाले, "काही माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते. अशा मातीत रेती मिसळली नाही, तर तिचं काहीही करा, ते तडकणारच."

देल्मीराबाईंच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. त्यांचे वडील ओनोरातो नदीकाठी विटा पाडत. जन्मभर विटा पाडल्या आणि जन्मभर त्या तडकल्या. शेजारच्या भट्टीवाल्याची नजर लागते, असं ते म्हणत. त्या शेजाऱ्याशी वीस वर्षं बोलले नाहीत, भट्टीच्या तोंडावर घोड्याची नाल ठोकली, आणि गेले तेही त्याच समजुतीत. आणि इथे हा तपकिरी स्वेटरवाला माणूस एका वाक्यात सांगून मोकळा झाला होता. नजर नव्हती, रेती कमी पडत होती.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी बहिणीला, इरासेमाला, सगळं सांगितलं. दोघी एकत्र राहत. इरासेमा कढईवरची नजर न काढता म्हणाली, "बाबा गेल्याला तीस वर्षं झाली. आता रेती घालायला जाणारेस?"

"तसं नाही गं. कळलं, एवढंच."

"कळून काय उपयोग?"

"तुला नाही समजायचं."

"हो बाई. मी कुठे विद्यापीठात जाते!"

पण त्या दिवसापासून शुक्रवार आला की देल्मीराबाई साडेसहालाच खोली पुसून घेत. फरशी वाळायच्या आत खिडकीजवळची खुर्ची धरत, हातातले रबरी मोजे काढून मांडीवर ठेवत, आणि ऐकत. बेचाळीस सह्या झाल्या की कागदावर एक ओळ उरे. त्रेचाळीस नंबर, झोराईदे किंतांव. या मुलीने प्रवेश घेतला होता आणि त्यानंतर तिचा पत्ता नव्हता. सही कर म्हणून कोणामार्फत तिचा निरोपही नव्हता. ती कोरी ओळ बाईंना डाचू लागली. एक दिवस त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि तिथे स्वतःची सही केली. नक्षी कोणाचीच नाही, आपली आपली, चौथीतल्या अक्षरातली. ज्या शुक्रवारी मन लावून ऐकलं त्याच शुक्रवारी तिथे सही करायची, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं. तेव्हापासून झोराईदेची हजेरी शंभर टक्के भरत गेली.

इकडे विभागप्रमुख मार्लूसिया मॅडमना हा तास बंद करायचा होता. मॅडम वाईट नव्हत्या. वर्षभर राजधानीत राहून आल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांना वर्ग म्हणजे लाकूड आणि खडू यांची नासाडी वाटे. आरिस्तेऊ सरांना सन्मानाने घरी पाठवावं, नोट्सचे व्हिडिओ करावेत, मुलांनी ते अंथरुणात बघावेत, असा त्यांचा बेत होता. पण शुक्रवारच्या तासाची हजेरी अख्ख्या विद्यापीठात पहिली होती. शहाण्णव टक्के! असा तास बंद कोणत्या तोंडाने करायचा? मॅडम दर महिन्याला तो आकडा बघत आणि दात-ओठ खात.

मग जूनमध्ये इमारतीला वाळवी लागली. औषध मारायला म्हणून गुरुवार-शुक्रवार सगळं बंद, दाराला कुलूप आणि त्यावर हाताएवढ्या अक्षरांत सूचना. सूचना असूनही येणारी दोनच माणसं निघाली. आरिस्तेऊ सर काहीच वाचत नसत. आणि देल्मीराबाईंना सुट्टी आहे हे माहीत होतं, पण शुक्रवार होता, म्हणून पाय आपोआप इकडे वळले.

सर दारासमोर उभे होते, खडूचा डबा काखेत. "कुलूप का आहे?"

"वाळवीचं औषध, सर. आज तास नाही."

"तास कसा नाही? शुक्रवार आहे ना?" असं म्हणून ते सरळ आंब्याखाली गेले. आंब्याला प्रथमच जवळून बघत असल्यासारखे दोन क्षण थबकले, मग काखेतून हजेरीचा कागद काढून बाईंना दिला. "मागे पाठवा."

मागे कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे एक गाय.

आंब्याच्या बुंध्याशी कमरेएवढं वारूळ होतं. सर नोट्स विसरले. त्या वारुळाभोवती फिरत फिरत ते बोलू लागले. खालची चिकट, बारीक माती वाळवी वर कशी आणते, रेतीत कालवून लाळेने कशी घट्ट करते, जुनी माणसं हीच माती कुटून घराच्या जमिनी कशा करत आणि त्या दगडासारख्या टणक कशा राहत. फाईलमध्ये यातलं अक्षर नव्हतं. देल्मीराबाईंनी आयुष्यात प्रथमच वर्गात हात वर केला.

"सर, नदीकाठच्या मातीत ही वारुळाची माती घातली असती, तर विटा तडकल्या नसत्या का?"

सर वळले. त्यांनी बाईंकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "कोणाच्या विटा?"

"माझ्या बाबांच्या."

"निम्मी घातली असती तर नसत्या तडकल्या," सर म्हणाले. "वारूळ लांब होतं का?"

"भट्टीच्या मागेच होतं, सर. आम्ही त्यावर बसून खेळायचो."

मग तास संपला आणि देल्मीराबाईंनी, डोकं दुसरीकडेच असल्यामुळे, नेहमीसारख्या सगळ्या सह्या करून टाकल्या. दोन जण गैरहजर, चाळीस हजर, आणि त्रेचाळीस नंबरला त्यांची स्वतःची. कागद कार्यालयाच्या दारातल्या फटीतून आत सरकवला आणि त्या घरी गेल्या.

सोमवारी तो कागद मार्लूसिया मॅडमच्या हाती लागला. इमारतीला कुलूप, आणि आत एकेचाळीस विद्यार्थी! मॅडमनी तो कागद मोठ्या प्रेमाने छातीशी धरला, असं त्यांचा शिपाई सांगतो. तिसऱ्या दिवशी फळ्यावर नोटीस लागली. आरिस्तेऊ सरांच्या म्हणण्यानुसार सदर तास आंब्याखाली झाला. तो झाला की नाही याची चौकशी होईल. झाला नसल्यास मृदाशास्त्राचा वर्ग पुढच्या सत्रापासून बंद. यादीतल्या सर्वांनी जबानीला यावे.

नोटीस वाचून देल्मीराबाईंनी बादली खाली ठेवली आणि त्याच पायरीवर बसल्या. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण ती मागून आली. आधी मनात आलं ते हे, की अजून नदीच्या गाळाचा धडा राहिलाय.

"जाऊ नकोस तू तिकडे," इरासेमा म्हणाली. "गप्प राहा. सह्या कोणी केल्या हे कोण सांगणारेय?"

"मग तास झालाच नाही असं ठरेल."

"ठरू दे! तुझं काय जातंय?"

देल्मीराबाईंनी सुईवरचा रुमाल दोनदा उसवला.

चौकशीच्या दिवशी सभागृहाबाहेरच्या लांबट पडवीत बेचाळीस मुलं प्रथमच एका जागी जमली. काही जण एकमेकांना ओळखतही नव्हते.

"तू होतास ना त्या दिवशी?" तालिताने उबिरातानला विचारलं.

"मी? मला वाटलं तू होतीस."

"मी कशी असेन? माझी सही तूच करतोस ना?"

"मी ग्लेडसनला सांगून ठेवलंय केव्हाच."

सगळ्यांच्या माना ग्लेडसनकडे वळल्या. ग्लेडसनने गाल हातात धरला, जणू गालगुंड पुन्हा आलं. "म्हणजे कोणीच...?" असं कोणीतरी म्हणालं आणि पडवीभर अशी शांतता पसरली, की कॉफीचे पेले घेऊन आत निघालेल्या देल्मीराबाईंच्या ट्रेवरचे चमचे तेवढे वाजत राहिले. आता नापास व्हायचं नसेल तर एकच मार्ग होता. सगळेच हजर होते!

आत मार्लूसिया मॅडम होत्या आणि पशुपालनाचे म्हातारे पेसान्या सर. ते बहुतेक वेळ डोळे मिटून असत. बाजूला आरिस्तेऊ सर खिडकीकडे तोंड करून बसलेले. मुलांना दहा-दहाच्या तुकडीत बोलावलं.

"तास झाला?" मॅडमनी विचारलं.

"झाला ना, मॅडम. आंब्याखाली. छान गारवा होता," तालिता म्हणाली.

"एवढे सगळे बसलात कुठे?"

"मी तर फांदीवर बसले होते."

पुढच्यानेही फांदीच सांगितली. बाहेर बहुधा तसा निरोप गेला असावा. दुपारी जेवणाची वेळ होईपर्यंत त्या एका फांदीवर सतरा जण बसले होते, त्यातला एक फुटबॉलच्या सामन्यात पाय मोडलेला, प्लॅस्टरसकट. पेसान्या सरांनी डोळे उघडले, उठले, आणि फांदी बघून आले.

"मजबूत आहे," एवढंच म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

मॅडम हुशार. त्यांनी सगळ्यांना एकदम आत घेतलं आणि शेवटचा पत्ता टाकला. "त्या दिवशी सरांनी शिकवलं काय? कोणीही एकाने सांगावं. एकाने तरी बरोबर सांगितलं, तर तास झाला असं मी मानेन."

मुलांनी फाईल पाठ केली होती. एकाने मातीचे थर सांगितले, एकाने आम्लता, तालिताने नत्र. प्रत्येक उत्तरानंतर मॅडम आरिस्तेऊ सरांकडे पाहत आणि सर खिडकीकडे बघून मान हलवत. नाही. नाही. तेही नाही. मॅडमच्या चेहऱ्यावर हळूहळू ऊन पडू लागलं. यादी संपत आली.

"शेवटचं नाव," मॅडम म्हणाल्या. "झोराईदे किंतांव. मे महिन्यापासून शंभर टक्के हजेरी. या मुलीला तरी माहीत असायला हवं. झोराईदे?"

कोणी हललं नाही. झोराईदेला कोणी कधी पाहिलंच नव्हतं.

"झोराईदे किंतांव हजर आहे का?"

देल्मीराबाई भिंतीपाशी उष्टे पेले गोळा करत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला. हात ॲप्रनला पुसले, दोन्ही बाजूंनी, नीट. मग उजवा हात वर केला.

"हजर," त्या म्हणाल्या.

कोणीतरी फिसकन हसलं आणि ग्लेडसनने त्याच्या पायावर पाय दिला.

"बाई, पेले न्या तुम्ही," मॅडम म्हणाल्या.

"नेते. आधी सांगते. सर वारुळाविषयी बोलले." आणि देल्मीराबाई बोलत सुटल्या. वाळवी, खालची माती, लाळ, कुटलेल्या जमिनी, भट्टीमागचं वारूळ, बाबांच्या विटा, शेजाऱ्याशी धरलेला वीस वर्षांचा अबोला. सगळं आलं, आणि थोडं जास्तही आलं. "आणि निम्मी माती घालायची, सर म्हणाले. निम्मी."

आरिस्तेऊ सरांनी खिडकी सोडली होती. ते देल्मीराबाईंकडे बघत होते. "निम्मी," ते म्हणाले. "बरोबर."

मॅडमचा आवाज चिरका झाला. "पण तुम्ही झोराईदे नाही!"

"नाही, मॅडम. ती आली नाही म्हणून तिच्या जागी मी आले. जागा रिकामीच होती."

"आणि मग बाकीच्या बेचाळीस..."

"मार्लूसिया," पेसान्या सर डोळे न उघडता म्हणाले, "तो प्रश्न विचारू नकोस. उत्तर मिळेल."

मॅडम थबकल्या. पेसान्या सर तसेच बोलत राहिले. "उत्तर मिळालं की बेचाळीस नापास. एका वर्गात बेचाळीस नापास झाले की वरून विचारणा येते. ती शिक्षकांपाशी थांबत नाही. विभागप्रमुखापर्यंत येते."

दोघांनी कोपऱ्यात जाऊन अर्धा तास कुजबुज केली. मग मॅडमनी निकाल वाचला. देल्मीराबाईंनी तो पुढे इरासेमाला तीनदा सांगितला, तरी तिला तो समजला नाही. निकाल असा: तास झाला, कारण झोराईदे किंतांव यांच्या नावावर सही करणाऱ्या व्यक्तीने त्याचा सविस्तर वृत्तांत दिला आहे. तास झाला असल्यामुळे त्या तासाच्या चाळीस सह्या ग्राह्य. सबब, ते चाळीस विद्यार्थी हजर. मात्र झोराईदे किंतांव स्वतः तिथे नव्हत्या हे सिद्ध झाल्यामुळे त्यांची त्या दिवशीची, तसंच संपूर्ण सत्राची हजेरी रद्द. त्यांचं नाव यादीतून कमी करण्यात यावं. सफाई कर्मचाऱ्यांनी हजेरीच्या कागदाला हात लावू नये.

"म्हणजे जे नव्हते ते होते, आणि तू होतीस ती नव्हतीस?" इरासेमाने विचारलं.

"हो. पण तास चालू राहणार."

"आणि तू?"

"माझं नाव कुठे होतं काढायला!" असं देल्मीराबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या दिवशी त्यांनी भातात मीठ घातलं नाही.

पुढच्या शुक्रवारी बेचाळीसच्या बेचाळीस मुलं सातच्या आत चौदा नंबरच्या खोलीत हजर झाली. भीतीच तशी बसली होती. पाय पुसून आली होती, डोळे सुजलेले, केस ओले, एकाच्या अंगात झोपायचा शर्ट. खुर्च्या मोजून बेचाळीस. खिडकीजवळच्या खुर्चीवर ग्लेडसन. देल्मीराबाई फरशी पुसून दारात उभ्या राहिल्या, झाडू धरून. इथून ऐकू येईल असा त्यांनी अंदाज घेतला. आलं असतं, मुलं जरा गप्प बसली असती तर.

आरिस्तेऊ सर आले. दारातच थांबले. इतकी माणसं बघून त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं. "कोणी वारलं का?"

"नाही, सर. तासाला आलोय," तालिता म्हणाली.

सर टेबलापाशी गेले. कागद ठेवला. खिडकीकडे वळले, घसा खाकरला, पुन्हा वळले. तीनदा सुरुवात केली आणि तीनदा थांबले. खोलीभर खुर्च्या करकरत होत्या, कोणाचा फोन गुरगुरत होता. सरांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि खडू डब्यात ठेवून दिला.

"मला सुरू करता येत नाही," ते म्हणाले. "माझी विद्यार्थिनी अजून यायची आहे."

बेचाळीस माना दाराकडे वळल्या. देल्मीराबाईंना झाडूमागे लपता येईना.

"आहे, सर. इथे दारात."

"दारात गाळ शिकवत नाहीत. बसा."

बसणार कुठे? मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग ग्लेडसनच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला, की एप्रिलपासून तसा पडला नव्हता. तो उठला, स्वतःच्या बाहीने खुर्ची पुसली आणि कमरेत वाकला.

"मावशी, तुम्ही बसा. मी जातो बाहेर. मोठ्या माणसाला उभं ठेवणं मला कसंतरीच वाटतं."

"अरे, पण तुझी हजेरी..."

"खुर्ची तर भरलेलीच आहे ना, मावशी?" तो कुजबुजला. "तुमचा हात कागदाला लागू नये म्हणालेत. पेनाचं काही म्हणाले नाहीत." आणि जाता जाता दारात पाय पुसून, बाहेर जाताना पुसायची काहीच गरज नसताना पुसून, तो झोपायला गेला.

खोलीत एकदम चुळबुळ सुरू झाली. मागून उबिरातानचा आवाज आला. "सर, पुढच्या शुक्रवारी मावशींना जागा मी देणार!" "तू का? मी आधी!" "आईने मला लहानपणापासून शिकवलंय, वडीलधाऱ्यांना..." तालिताने फळ्याच्या कोपऱ्यात नावं लिहायला घेतली. सत्र संपेपर्यंतचे सगळे शुक्रवार दोन मिनिटांत लागले. इतकी सभ्य मुलं त्या विद्यापीठात त्याआधी कोणी पाहिली नव्हती.

देल्मीराबाई खिडकीजवळ बसल्या. रबरी मोजे काढून मांडीवर ठेवले. कागद फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आला, तेव्हा त्यांनी तो कोपराने दाबून धरला, हात लागू न देता. शेवटी जिथे त्रेचाळिसावी ओळ होती तिथे आता शाईची जाड रेघ होती. त्या रेघेवरून त्यांनी एकदा नजर फिरवली, मग वर जाऊन ग्लेडसनचं नाव शोधलं आणि त्याची ती वाकडीतिकडी, वेलासारखी सही, एक टाकाही न चुकवता, उतरवली.

"नदी गाळ आणते," सर आंब्याला सांगू लागले, "पण सगळीकडे सारखा टाकत नाही."

देल्मीराबाई पुढे सरकून बसल्या. मागे कोणीतरी घोरू लागलं होतं. त्यांनी मान न वळवता झाडूचा दांडा मागे नेला आणि त्याला हलकेच ढोसलं.